बसतंय, पण चालत नाही

काळ्याला काळी. एटी पॉवर सप्लायच्या जमान्यात लॅमिंग्टन रोडवर नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचे ते एवढंच. सप्लायमधून निघणाऱ्या वायरींच्या टोकाला दोन चपटे कनेक्टर असत, एक पी-८ आणि दुसरा पी-९. मदरबोर्डवर ते शेजारी शेजारी बसत. दिसायला दोघे जुळे, आणि अदलाबदल करून लावले तरी तितक्याच आरामात बसत. बटण दाबल्यावर बोर्ड जळायचा, एवढाच फरक. लावणी बरोबर आहे हे ओळखायची खूण एकच: दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीपासून ही भानगड चालत आली होती. १९९५ साली इंटेलने एटीएक्स आणलं, त्यात सगळ्या वायरी वीस पिनांच्या एकाच कनेक्टरमध्ये आल्या, आणि तो एकाच बाजूने बसतो. इतकी साधी गोष्ट करायला चौदा वर्षं गेली.

मी या धंद्यात आलो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला होता. डोंबिवलीहून गाडी पकडायची, दादरला बदलायची, ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत दुकान. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबाचं नाव कुणाच्या तोंडून गेलेलं नाही. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ अशी थिएटरं, नाझच्या आवारात सिनेमा वितरकांच्या कचेऱ्या, आणि त्यांच्या मधल्या गाळ्यांमधून रेडिओचे सुटे भाग विकणारे दुकानदार. आमचे शेठ कच्छी. त्यांच्या वडिलांनी व्हॉल्व आणि कंडेन्सर विकले, शेठनी ट्रान्झिस्टर आणि टीव्हीचे भाग विकले, आणि मी लागलो तेव्हा मागच्या फळीवर हिरव्या बोर्डांचे खोके यायला लागले होते. सुटा भाग विकायचा, गिऱ्हाईक आपलं आपण जोडून घेईल, हा या रस्त्याचा जुना स्वभाव. कॉम्प्युटर त्यात आपोआप सामावला.

सामावला, कारण आयबीएमनेच तशी सोय करून ठेवली होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिजच्या हाताखालच्या गटाने तो पीसी घाईत बनवला. घाई असल्यामुळे भाग बाहेरून घेतले: प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून. बोर्डवर पाच मोकळे स्लॉट ठेवले आणि कुणालाही त्यात लावायचं कार्ड बनवता यावं म्हणून सर्किटचे नकाशे आणि बायोसची संहिता छापून तांत्रिक पुस्तकच विकायला काढलं. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं राहिलं ते बायोस. कॉम्पॅकने १९८२ मध्ये ते नव्याने लिहून घेतलं, १९८४ पासून फिनिक्स कंपनी तसंच बायोस हव्या त्याला विकू लागली, आणि मग तैवानात बोर्ड बनवणाऱ्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने आयातीचं दार किलकिलं झालं, १९९१ नंतर चांगलंच उघडलं. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांचे ब्रँडेड पीसी होतेच. पण तेच भाग आमच्याकडून घेतले तर बऱ्याच कमी पैशांत काम होई. त्याला असेंबल्ड म्हणायचं. बिल हवं की नको, हा प्रश्न त्यानंतरचा.

इतकी वर्षं काउंटरमागे काढल्यावर माझं एक मत झालंय. सुट्या भागाला खाच पाडतात ती दोन कारणांसाठी. एक, लावणाऱ्याच्या हातून चूक होऊ नये. दोन, दुसऱ्याचा माल बसू नये. पहिली खाच फार उशिरा पडते. दुसरी लगेच पडते. आयबीएमने स्वतः १९८७ मध्ये दुसऱ्या जातीची खाच पाडून पाहिली, मायक्रो चॅनल नावाची, परवाना शुल्क लावून. नऊ प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा स्लॉट काढला आणि मूळ मालकाच्याच हातून खेळ गेला. आमच्या रस्त्यावर मायक्रो चॅनलचं कार्ड विकलं गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

खाचा नव्हत्या तेव्हा जुळणी डोक्यात ठेवावी लागे, आणि ती बरीचशी अंकगणिताची होती. रॅमचंच घ्या. तीस पिनांची सिम एका वेळी आठ बिट देणार आणि ४८६ प्रोसेसर एका वेळी बत्तीस मागणार. म्हणजे चार काड्या लागणार, त्याही एकसारख्या. गिऱ्हाईक म्हणे, सध्या दोनच द्या, दोन पुढच्या महिन्यात नेतो. त्याला सांगावं लागे की बाबा, दोनावर डिस्प्लेच येणार नाही. मग बहात्तर पिनांची सिम आली, बत्तीस बिटांची. ४८६ला एक पुरायची. तोवर पेंटियम आला, त्याला चौसष्ट बिट लागत, म्हणजे पुन्हा जोडी. १६८ पिनांची डिम आली आणि एका काडीवर मशीन उठायला लागलं, तेव्हा कुठे हा हिशेब सुटला.

साउंड कार्डचा हिशेब आणखी चेंगट. प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायला एक आयआरक्यू लागतो आणि ते होते मोजके. साउंड ब्लास्टर पाचवर, प्रिंटर सातवर, माउस कॉम-१ वर म्हणजे चार, मॉडेम कॉम-२ वर म्हणजे तीन. मॉडेम चुकून कॉम-३ वर ठेवला की तोही चारच मागणार, आणि इंटरनेट जोडताक्षणी माउस गोठणार. हे सगळं कार्डावरच्या तांदळाएवढ्या जम्परनी ठरायचं, आणि जम्परचा नकाशा ज्या कागदावर छापलेला असे तो खोक्यातून सगळ्यांत आधी हरवायचा. आमच्याकडे अशा कागदांच्या झेरॉक्सची एक फाइल होती. शेजारची दुकानं ती उसनी न्यायची, आणि शेठ मालापेक्षा त्या फाइलीला जास्त जपत.

या सगळ्या जुळणीचा खरा कस लागायचा तो गेममध्ये. ऑफिसच्या कामाला काहीही चालायचं. टॅली, वर्डस्टार, लोटस यांना डिस्प्ले कार्ड कुठलं आहे याचं सोयरसुतक नव्हतं आणि आवाज तर नकोच होता. मशीनची खरी परीक्षा घ्यायला डिसेंबर १९९३ मध्ये डूम आला, १९९६ मध्ये क्वेक. काउंटरवर दृश्य ठरलेलं. वडील म्हणणार, "याला अभ्यासाला हवाय, सी-प्लस-प्लस शिकायचंय." मुलगा माझ्याकडे वाकून हळूच विचारणार, "दादा, क्वेक चालेल ना?"

त्या काळात सॉकेट ७ नावाची एक दुर्मीळ गोष्ट होती. एकाच सॉकेटमध्ये इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-६ आणि सायरिक्सचा ६x८६, तिघेही बसत. बसत, पण प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं. साध्या पेंटियमला ३.३, एमएमएक्सच्या गाभ्याला २.८, के-६ ला २.९. जम्पर चुकला तर चिप तापून जायची. वेगही जम्परवर. यातली एक गंमत म्हणजे २३३ मेगाहर्ट्‌झचा एमएमएक्स: बोर्डवर गुणक ठेवायचा दीड आणि चिप तो साडेतीन समजायची. जुन्या बोर्डवर साडेतीनची सोयच नव्हती, म्हणून इंटेलने केलेली ही तोडजोड. माहीत नसेल तर माणूस बोर्ड बदलायला निघे.

सायरिक्स स्वस्त होता. चिपवर १६६+ असं छापलेलं, आत घड्याळ १३३ चंच. कंपनीचं म्हणणं, आमचा १३३ त्यांच्या १६६ च्या बरोबरीचा. टॅलीत, विंडोजमध्ये ते खरंही होतं. क्वेकमध्ये मात्र तो धापा टाकायचा. कारण असं की क्वेकचं चित्र काढणारा कोड मायकेल ॲब्रॅशने पेंटियम समोर ठेवून घासला होता: भिंतीचा पोत तिरकस दिसताना बरोबर दिसावा म्हणून दर सोळा ठिपक्यांमागे एक अपूर्णांकी भागाकार, आणि तो भागाकार चालू असताना पेंटियम दुसऱ्या बाजूने ठिपके रंगवत राहणार. सायरिक्सचा अपूर्णांकांचा विभाग मुळात मंद, त्यात दोन्ही कामं अशी एकावर एक चढवणं त्याला जमेना. सॉकेटला सगळं जुळलेलं, बायोस चिपचं नाव बरोबर दाखवतोय, आणि तरीही पोरगं दुसऱ्या दिवशी रडवेलं होऊन परत. सायरिक्सची अपकीर्ती गेम खेळणाऱ्यांनी केली असं म्हणतात. मला त्यात अन्याय वाटतो. चिप वाईट नव्हती, ती ज्या कामासाठी घेतली ते काम तिचं नव्हतं. पण बापाला अभ्यासाचं आणि दुकानदाराला गेमचं सांगणाऱ्या मुलाला हे समजवायचं कसं?

याच सुमारास थ्रीडीएफएक्सचं व्हूडू आलं. त्याच्याइतकं विचित्र कार्ड मी पुन्हा हाताळलं नाही. त्याला साधा डेस्कटॉप दाखवताच यायचा नाही. म्हणून आधीचं डिस्प्ले कार्ड तसंच ठेवायचं, त्याच्यातून एक आखूड केबल काढून व्हूडूत घालायची आणि मॉनिटर व्हूडूला जोडायचा. गेम सुरू झाला की व्हूडू मधेच चित्र आपल्या ताब्यात घेई. ऑर्किड कंपनीच्या व्हूडूवर त्यासाठी चक्क रिले होते, टक्‌ असा आवाज यायचा. आमच्या दुकानात ही कार्डं मोजकीच आली, आणि एखादं आलं की बाजूच्या गाळ्यांतली मंडळी तो टक्‌ ऐकायला गोळा व्हायची.

सॉकेट ७ चा तिघांचा एकत्र संसार इंटेलने १९९७ मध्ये मोडला. पेंटियम टू सॉकेटमध्ये बसत नव्हता. तो कॅसेटसारख्या काळ्या डबीत आला, स्लॉट १ मध्ये उभा खोचायचा. तांत्रिक कारण होतं, कॅश मेमरीच्या चिपा प्रोसेसरच्या शेजारी एकाच पाटीवर ठेवायच्या होत्या. धंद्याचं कारणही होतं: ही जोडणी पेटंटने बांधलेली, एएमडीला किंवा सायरिक्सला ती वापरता येईना. एएमडीने दोन वर्षं जुन्या सॉकेटलाच ताणून, त्यावर शंभर मेगाहर्ट्‌झचा बस चढवून दिवस काढले आणि १९९९ मध्ये ॲथलॉन आणला, स्लॉट ए मध्ये. हा स्लॉट ए म्हणजे स्लॉट १ चाच २४२ संपर्कांचा कनेक्टर, बोर्डवर उलटा फिरवून लावलेला. दोघांच्या विजेच्या रचनेचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण तयार मिळणारा स्वस्त भाग म्हणून तोच उचलला. खरेदीखात्याची ही हुशारी मला मनापासून आवडते.

कुंपण घातलं की लोक भोक शोधतात. १९९८ च्या शेवटाकडे सेलेरॉन ३००ए मिळू लागला. गुणक साडेचारला कायमचा बांधलेला, बस ६६ चा, म्हणून वेग ३००. बस १०० केला तर ४५०, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यांत महाग पेंटियम टूचा वेग. ज्या बोर्डवर बस बदलायची सोय नव्हती तिथे बी-२१ हा एक संपर्क झाकला की बोर्डची समजूत व्हायची की हा १०० चा प्रोसेसर आहे. झाकायला काय? नेलपॉलिश. आमच्या ड्रॉवरमध्ये स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि खोडरबर यांच्या सोबतीला एक लाल बाटली आली. खोडरबर रॅमचे सोनेरी दात घासायला, हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या पावसाळ्यात निम्मी ‘बंद पडलेली’ मशीनं त्यानेच उठायची.

पुढची दोन-तीन वर्षं पटकन ओलांडतो, कारण ती मला आवडत नाहीत. पेंटियम फोर आला तो ४२३ पिनांच्या सॉकेटवर, रॅम्बस मेमरी मागत. ती महाग, जोडीने घ्यायची, आणि उरलेल्या रिकाम्या खाचांतही कोऱ्या पट्ट्या लावायच्या, नाहीतर मशीन उठणार नाही. वर्षाच्या आत सॉकेट बदललं. ज्यांनी पहिला घेतला ते तिथेच अडकले.

एजीपीचं मात्र सांगितलं पाहिजे. डिस्प्ले कार्डाचा हा खास स्लॉट १९९७ च्या सुमारास आला तेव्हा ३.३ व्होल्टवर चाले, पुढे १.५ झाला. इथे खाच योग्य कारणासाठी पाडली होती: जुन्या कार्डाला एका जागी, नव्याला दुसऱ्या जागी, आणि जे दोन्हीवर चालेल त्याला दोन्ही. मग काही स्वस्त कार्डवाल्यांनी ३.३ च्याच कार्डाला दोन्ही खाचा पाडल्या, म्हणजे कुठेही बसेल, खपेल. इंटेलच्या ८४५ चिपसेटचे बोर्ड फक्त १.५ सोसणारे. असं कार्ड त्यात गेलं की बोर्ड गेला. बोर्डच्या पुस्तिकेत इशारा असे, पण पुस्तिका वाचतो कोण? आम्ही कार्ड हातात घेऊन चिपचं नाव वाचल्याशिवाय ते लावणं सोडून दिलं. खाच खोटी निघाल्यावर अक्षरावर भरवसा ठेवणं आलं.

भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि २००५ पर्यंत बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. रस्त्यावरचा चोरटा माल त्याने पुष्कळ कमी झाला. मी त्याच सुमारास शेठचा निरोप घेऊन डोंबिवलीत स्वतःचं छोटं दुकान टाकलं, आणि तिथे मला जुळणीचा एक नवीनच प्रकार भेटला. दक्षिण मुंबईत वीज जात नसे. इकडे भारनियमन. सायबर कॅफेवाले काउंटर-स्ट्राइकसाठी ओळीने मशीनं मागायचे आणि त्या प्रत्येकाला यूपीएस. साधा यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो. जुन्या साध्या एसएमपीएसला त्याचं काही वाटत नसे. पण ॲक्टिव्ह पीएफसीचे चांगले, महाग सप्लाय आले आणि त्यांतले काही या पायऱ्यांवर अडायला लागले: लाइट गेले की यूपीएस बीप करतोय आणि मशीन बंद. गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्त होता, महाग घेऊन वाईट कसं झालं? ही जुळणी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. घरात इन्व्हर्टर कुठला आहे, हे मी तेव्हापासून प्रोसेसरच्या आधी विचारतो.

पॉवर सप्लायवरच्या आकड्याबद्दल तर बोलायलाच नको. ४५० वॅटचं स्टिकर आणि आत पावशेराचा ट्रान्सफॉर्मर. गेमच्या कार्डाला जोवर स्लॉटमधूनच वीज मिळत होती तोवर हे खपून गेलं. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस आलं, स्लॉट देणार ७५ वॅट, सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५, आठ पिनांचा १५०. या बेरजेपुढे खोटं स्टिकर टिकेना.

कुंपणाचा खेळ अजून चालू आहे. इंटेलचं ११५१ सॉकेट २०१५ मध्ये आलं. २०१७ च्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ वर आले, खाचा त्याच, पण आधीच्या बोर्डवर चालेनात. विजेच्या पिनांची मांडणी बदलली, असं कारण कंपनीने दिलं. हौशी लोकांनी बदललेलं बायोस आणि दोन-चार संपर्कांवर चिकटपट्टी एवढ्या भांडवलावर ते जुन्या बोर्डवर चालवून दाखवले. मला ती लाल बाटली आठवली.

एएमडी उलट वाटेने गेली. २०१७ मध्ये रायझेनबरोबर रुळलेलं एएम-४ सॉकेट तिने कितीतरी वर्षं चालवलं. त्यातही कटकट होतीच. बोर्ड जुना, प्रोसेसर नवा, बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले नाही, आणि अपडेट करायला चालणारा प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये कंपनी त्यासाठी उसने प्रोसेसर पाठवत होती. मे २०२० मध्ये तिने जाहीर केलं की पुढची पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. गिऱ्हाइकांनी एवढा गलका केला की महिना संपायच्या आत निर्णय फिरवला. माझ्या आठवणीत गिऱ्हाइकाने आरडाओरडा करून खाच बुजवायला लावल्याचं हे एकच उदाहरण.

हल्ली मुलं फोनवर यादी तयार करूनच येतात. प्रत्येक भागापुढे हिरवी खूण. यादी बहुतेक वेळा बरोबर असते आणि मला त्याचा आनंद आहे. अर्धं आयुष्य जे डोक्यात वागवलं ते आता कुणालाही फुकट मिळतं. फक्त कॅबिनेटमध्ये कार्ड लांबीला मावलं तरी पुढच्या पंख्याला चिकटतं का, टेबलाच्या कप्प्यात मशीन कोंबणार का, हे मी विचारून घेतो.

आणि एक कनेक्टर मी कुणाला लावू देत नाही, स्वतः लावतो. २०२२ च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० आलं, एकटं कार्ड ४५० वॅट खाणारं. त्याला १६ पिनांचा इवलासा कनेक्टर, ६०० वॅटपर्यंतचा. थोड्याच दिवसांत जगभरातून तो वितळल्याचे फोटो यायला लागले. पुरता आत न जाताही तो बसल्यासारखा वाटायचा आणि तशाच अर्धवट अवस्थेत वीज वाहू लागायची. २०२३ मध्ये सुधारणा झाली: कार्डाच्या बाजूच्या चार बारीक पिना आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर पूर्ण बसल्याशिवाय कार्डाला वीज मागताच येऊ नये. पहिल्या जातीची खाच, नेहमीप्रमाणे उशिरा. तरी त्यानंतरही वितळण्याच्या बातम्या येतच राहिल्या. जुनी कार्डं, जुन्या केबली बाजारात आहेतच. मी तो अंगठ्याने रेटून बसवतो, टॉर्च मारून फट बघतो, तोंडाशी केबल वळवत नाही. मग फोटो काढून गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो आणि कॅबिनेटची काच लावतो. घरी नेल्यावर केबल छान दिसावी म्हणून कुणी ती दुमडून बांधली, तर निदान दुकानातून ती कशी गेली होती हे दोघांनाही ठाऊक असतं.